विमानाचे पाय निवडताना

गेल्या डिसेंबरात माझा भाचा पॉलिटेक्निकच्या सुट्टीत गावी आला, तो थेट आमच्या पडवीत. हातात मोबाईल होता. "मामू, हे बघा," म्हणून त्याने एक व्हिडिओ लावला. रिमोटवर उडणारे स्पिटफायर विमान जमीन सोडते, दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला पंखांत मिटतात आणि खऱ्या लढाऊ विमानासारखे ते वळण घेते. "माझ्या पुढच्या विमानाला मला असेच पाय हवेत. पैसे साठवलेत. कोणता सेट मागवू, तेवढं सांगा."

मागोमाग त्याची अम्मी, म्हणजे माझी धाकटी बहीण, आत आली. "भाईजान, सहा महिने शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्यात त्याने. ते पैसे पहिल्याच दिवशी मातीत जाणार नाहीत, एवढं बघा."

दोघांचेही म्हणणे रास्त होते. या मिटणाऱ्या पायांना छंदातली मंडळी 'रिट्रॅक्ट' म्हणतात. विमानाचा हा भाग लोकांना सर्वांत आवडतो आणि सर्वांत जास्त मोडतोही तोच. दुकानात किंवा जाहिरातीत आपण तो वर जाताना पाहतो आणि भाळतो. त्याचे खरे काम मात्र विमान खाली येताना असते. म्हणून भाच्याला मी सेटचे नाव सांगितले नाही. काही प्रश्न विचारले. ज्या घरात असा शौक शिरला आहे, तिथल्या पालकांना आणि मुलांना ते उपयोगी पडावेत म्हणून इथे मांडतो.

पाय मिटायला हवेतच का?

खऱ्या विमानांचे पाय मिटू लागले ते वेगासाठी. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो. त्यामुळे बाहेर लोंबणारी चाके वेगवान विमानाला फार महागात पडतात. अमेरिकेत 1920 साली शर्यतीसाठी बनवलेल्या डेटन-राइट विमानाचे पाय वैमानिक आत बसून हँडलने फिरवत वर घेत असे. दुसऱ्या महायुद्धातल्या ग्रमन वाइल्डकॅट विमानातही उड्डाण झाल्या झाल्या वैमानिकाला हाताने सुमारे 30 फेरे फिरवावे लागत. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात हँडल, आणि तोवर विमान वरखाली डोलत राही.

आपले मॉडेल त्या वेगाने उडत नाही. पाय मिटल्याने त्याचा वेग थोडा वाढतो, पण मुख्य फायदा दिसण्याचा असतो. तो फायदा खोटा नाही, छंद आनंदासाठीच असतो. पण त्याची किंमत समजून मोजावी. आणि सुंदर विमान म्हणजे पाय मिटणारेच, असेही काही नाही. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी टाटांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूला आणलेले पस मॉथ विमान कायम बाहेर राहणाऱ्या चाकांचेच होते. हिंदुस्थान एअरक्राफ्टचे 1951 साली प्रथम उडालेले एचटी-2, ज्यावर आपल्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्या उडायला शिकल्या, त्याचेही पाय स्थिरच. अशा विमानाची हुबेहूब प्रतिकृती केली तर रिट्रॅक्टचा प्रश्नच उरत नाही.

म्हणून पहिला प्रश्न मी हाच विचारला, "दहापैकी किती वेळा चाकांवर उतरतोस?"

तो जरा थांबला. "आठ."

"आणि उरलेल्या दोन वेळा?"

"गवतात. कधी नाकावर."

खरे बोलला, हे मला आवडले. सलग दहा वेळा विमान चाकांवर उतरेपर्यंत काहीही मागवायचे नाही, असे ठरले. स्थिर पाय साध्या पोलादी तारेचे असतात. वाकले तर पक्कडीने सरळ करता येतात. रिट्रॅक्टचा पाय वाकला तर तो पंखातल्या खाचेत बसत नाही, खाचेत बसला नाही तर यंत्र अडते, आणि यंत्र अडले की दुरुस्तीला पंख उघडावा लागतो. भाच्याला दहाचा आकडा गाठायला अकरा दिवस लागले. तोवर आमचे बाकीचे प्रश्न रोज संध्याकाळी चहाबरोबर चालू होते.

जमीन कशी आहे?

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यातले. इथे उडवायला मोकळी जागा म्हणजे सडा, जांभ्या कातळाचे पठार. पावसाळ्यानंतर त्यावर गवत वाळते आणि गवताखाली सुपारीएवढे खडे लपलेले असतात. दुसरी जागा म्हणजे पोरांचे क्रिकेटचे मैदान. ते बरे, पण खाचखळगे तिथेही आहेत. व्हिडिओतले स्पिटफायर ज्या गुळगुळीत डांबरी पट्टीवरून उडाले, तशी पट्टी आमच्या आसपास नाही.

जमीन खडबडीत असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, चाकाचा व्यास. लहान चाक खड्ड्यात अडकते, मोठे चाक त्यावरून निघून जाते. दुसरी, पायात लवचीकपणा आहे का. साध्या तारेच्या पायात वरच्या बाजूला स्प्रिंगसारखा वेढा असेल तर तो धक्का झेलतो. काही पायांत नळीत नळी सरकते आणि आत स्प्रिंग असते. हे खऱ्या विमानासारखे दिसतात, पण त्यांना वरून आलेला धक्का सोसतो, समोरून आलेला तितकासा नाही. गवतात धक्का बहुतेक समोरूनच येतो. त्यासाठी चाक मागे झुलू शकेल असा सांधा असलेला पाय उत्तम. आपल्या स्कूटरचे मागचे चाक जसे एका आडव्या आधारावर वरखाली होते, तसाच हा प्रकार.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी, आणि ती सेट मागवण्याआधी, विमान निवडतानाच ठरते. दोन चाकांमधले अंतर. स्पिटफायरचे पाय धडाजवळ जोडलेले असतात आणि बाहेरच्या बाजूला मिटतात. त्यामुळे जमिनीवर त्याची चाके एकमेकांच्या जवळ असतात. जर्मनांच्या मेसरश्मिट 109 ची मांडणीही तशीच होती, आणि जमिनीवर घसरून, कलंडून झालेल्या अपघातांसाठी ते विमान बदनाम होते. मस्टँगचे पाय याउलट पंखात दूरवर जोडलेले असतात आणि आतल्या बाजूला, धडाकडे मिटतात. चाके फाकलेली, बैठक रुंद. मॉडेलमध्येही हा गुणदोष जसाच्या तसा उतरतो. खडबडीत जमिनीवर स्पिटफायर पंखाच्या टोकावर झुकते, मस्टँग सरळ धावते.

कर्टिस पी-40 आणि कॉर्सेअर ही आणखी वेगळी. त्यांचे पाय मागच्या दिशेने मिटतात आणि मिटता मिटता चाक 90 अंशांत फिरून पंखात आडवे होते. पाहायला नजर हटत नाही. पण फिरणारा सांधा म्हणजे सैल होणारा आणखी एक सांधा. पहिल्या रिट्रॅक्टसाठी त्या वाटेला जाऊ नये.

हे ऐकून भाचा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मामू, मस्टँग पण देखणं आहे."

वजनाचा हिशेब

भाच्याचे ठरलेले विमान साधारण दीड किलोचे. स्थिर तारेचे पाय काढून त्या जागी यंत्र, पाय, जरा मोठी चाके आणि लाकडी आधार धरले तर आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर 90 ग्रॅम वाढले. म्हणजे 6 टक्के. ऐकायला थोडे वाटते. पण वजन वाढले की विमानाला हवेत टिकून राहायला जास्त वेग लागतो. 6 टक्के वजनाला उतरण्याचा वेग सुमारे 3 टक्के वाढतो. वजन जास्त आणि वेगही जास्त, असा दोन्हीकडून भार आला की जमिनीवर जिरवायची ऊर्जा सुमारे 12 टक्क्यांनी वाढते. म्हणजे पाय सुंदर करायच्या नादात आपण त्याच पायांवरचे ओझे वाढवलेले असते.

म्हणून सेट निवडताना विमानाचे उडतानाचे पूर्ण वजन धरावे, बॅटरीसकट. सेटवर तो किती वजनाच्या विमानासाठी आहे हे लिहिलेले असते. आपले विमान त्या मर्यादेच्या अगदी टोकाला असेल तर एक माप मोठे घ्यावे. पायाच्या तारेची किंवा पिनेची जाडीही पाहावी. 3, 4, 5 मिलिमीटर अशी मापे मिळतात. हलक्या सेटच्या 3 मिलिमीटर पिनेवर जड विमान बसवले, तर दर उतरण्याला पाय थोडा थोडा मागे वाकतो, आणि एक दिवस खाचेत जायचे नाकारतो.

पंखात जागा किती?

मिटलेला पाय शेवटी जातो कुठे, तर पंखाच्या जाडीत. चाकाची रुंदी अधिक थोडी मोकळीक, एवढी खोली तिथे हवी. गवतासाठी मोठे चाक घेतले आणि पंखात ते मावले नाही, असे नेहमी होते. चाक निवडण्याआधी पंखावर त्या जागी पट्टी लावून जाडी मोजावी.

पाय किती अंशांत मिटतो हेही मोजावे. सेट 85, 90, 95 अशा वेगवेगळ्या अंशांचे मिळतात. बहुतेक जण डोळे मिटून 90 चा घेतात. पण खाली पंख असलेल्या विमानांचे पंख टोकांकडे थोडे वर उचललेले असतात. अशा पंखात पाय सरळ खाली उभा राहायचा असेल आणि आतल्या बाजूला मिटायचा असेल, तर त्याला 90 पेक्षा थोडे कमी फिरावे लागते. बाहेरच्या बाजूला मिटायचा असेल तर थोडे जास्त. कागदावर पंखाची रेघ तिरकी काढा, पाय सरळ खाली काढा आणि शाळेच्या कंपासमधल्या कोनमापकाने मोजा. पाच मिनिटांचे काम आहे. भाच्याची धाकटी बहीण सातवीत आहे. तिने हे काम मागून घेतले आणि कोन बरोबर मोजला.

चाक जमिनीला कुठे टेकते हेसुद्धा इथेच ठरते. शेपटीखाली छोटे चाक असलेल्या विमानात मुख्य चाके समतोलबिंदूच्या पुढे हवीत. विमान सपाट धरून समतोलबिंदूपासून चाकाच्या आसापर्यंत रेघ काढली, तर ती उभ्या रेषेच्या साधारण 15 ते 20 अंश पुढे यावी. चाके मागे पडली तर विमान नाकावर पालथे होते, फार पुढे गेली तर धावताना शेपूट फिरवते. नाकाखाली चाक असलेल्या विमानात उलटे असते, तिथे मुख्य चाके समतोलबिंदूच्या किंचित मागे असतात.

पाय कोण उचलणार?

आता येतो तो प्रश्न, ज्याने लोक सुरुवात करतात. प्रकार मुख्यतः तीन.

पहिला यांत्रिक. पंखाच्या मधोमध एक खास सर्व्हो मोटार असते. ती सुमारे 180 अंश फिरते आणि दोन तारांनी दोन्ही पाय ओढते. हा प्रकार हलका आणि स्वस्त. पण तारांची लांबी केसाच्या फरकाने चुकली तरी पाय शेवटच्या टोकाला जाऊन कुलूप लागल्यासारखा घट्ट बसत नाही. आणि एक पाय अडला तर सर्व्हो जोर लावत राहतो आणि रिसीव्हरची बॅटरी पीत राहतो. ज्याला संध्याकाळच्या संध्याकाळ जुळवाजुळव करायला आवडते, त्याने हा घ्यावा.

दुसरा हवेच्या दाबावरचा. विमानात छोटी टाकी, ती उडण्याआधी पंपाने भरायची, साधारण 100 पीएसआयपर्यंत. मोटारीच्या टायरमध्ये 30-35 असते, यावरून अंदाज यावा. पाय सुरेख, मऊपणे हलतात आणि ताकद चांगली. मात्र प्रत्येक सांध्यातल्या रबरी कड्या हवा सोडू शकतात. रात्री टाकी भरून ठेवावी आणि सकाळी दाब पाहावा, तेव्हा खरे कळते. या प्रकारात काही सेट असे असतात की हवा संपली तर स्प्रिंगने पाय आपोआप खाली येतात. हवेचा सेट घ्यायचा तर असाच घ्यावा.

तिसरा विजेवरचा. प्रत्येक पायाच्या यंत्रात स्वतःची छोटी मोटार आणि आटे पाडलेला स्क्रू असतो. मोटार स्क्रू फिरवते, स्क्रूवरचा नट पाय हलवतो. उतरताना धक्का बसला तरी नट मागे सरकत नाही, त्यामुळे पाय दुमडत नाही. पाय अडल्यास वीज आपोआप तोडणारी सोय बहुतेक सेटमध्ये असते. जोडणी म्हणजे रिसीव्हरला एक वायर. दोष असा की विजेचा भार रिसीव्हरच्याच पुरवठ्यावर पडतो. तो पुरवठा दुबळा असेल तर पाय उचलण्याच्या क्षणी रिसीव्हर क्षणभर बंद पडू शकतो, आणि तो क्षण विमान जमिनीपासून दहा फुटांवर असतानाचा असतो. म्हणून पाय आणि सगळे सर्व्हो एकदम हलवून जमिनीवरच ही चाचणी घ्यावी.

मोठ्या जेट मॉडेलांत तेलाच्या दाबावरचे पायही असतात, पण ती गोष्ट आपल्या घरांच्या आवाक्याबाहेरची.

भाच्याने विजेवरचा सेट ठरवला. चाके झाकणारी दारे मात्र यंदा नाहीत. दारे म्हणजे आणखी सर्व्हो, आणखी बिजागऱ्या आणि गवतात तुटणारी आणखी एक वस्तू.

बसवताना

माझे स्वतःचे पहिले रिट्रॅक्ट कसे गेले ते सांगतो. यंत्र उत्तम होते. मी ते पंखाच्या मऊ बाल्सा लाकडात चार स्क्रूंनी बसवले आणि खूश झालो. तिसऱ्या उतरण्याला एक चाक खड्ड्यात गेले. पाय शाबूत, यंत्र शाबूत, पण ते दोन्ही पंखाचा तुकडा घेऊन बाहेर आले. पंख गेला. दोष सेटचा नव्हता, माझा होता.

म्हणून यंत्राखाली कठीण लाकडाच्या पट्ट्या हव्यात, आणि त्या पट्ट्या प्लायवूडच्या बरगड्यांना इपॉक्सीने जोडलेल्या हव्यात, म्हणजे धक्का पंखभर पसरतो. फोमच्या विमानात यंत्र ज्या प्लास्टिकच्या खोबणीत बसते, ती खोबणीच उपटून निघते. तिच्या दोन्ही बाजूंना प्लायवूडची पातळ पट्टी चिकटवून घ्यावी. पाय धरणाऱ्या छोट्या स्क्रूखाली तारेवर कानशीने सपाट जागा करावी, नाहीतर चाक वळते. मग विमान उलटे ठेवून पाय तीसेक वेळा वरखाली करावेत. शेवटी विमान सतरंजीवर वीतभर उंचीवरून चाकांवर सोडावे आणि पाय पुन्हा मिटवून पाहावेत. घरात जे अडते ते सड्यावर नक्की अडते.

एक पाय उतरलाच नाही तर

हे आधी घरीच ठरवून ठेवावे, कारण हवेत विचार सुचत नाही. एक पाय खाली आणि एक वर, ही सर्वांत वाईट अवस्था. विमान टेकताच एका बाजूला गरकन फिरते. अशा वेळी दोन्ही पाय वर घ्यावेत, गवताची जागा पाहावी, उंची कमी होताच मोटार बंद करावी आणि पोटावर उतरवावे. प्रोपेलर तुटेल, खाली थोडे खरचटेल, विमान वाचेल. दोन-तीन प्रयत्नांपुरती बॅटरी उरेल अशा बेताने टायमर लावावा. पाहणारी मुले नेहमी उडवणाऱ्याच्या मागे उभी राहतील हे पाहावे. आणि नव्या जागी उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर ती जागा लाल किंवा पिवळ्या क्षेत्रात नाही ना, हे तपासावे.

जानेवारीतल्या एका रविवारी, क्रिकेटची मॅच संपल्यावर, आम्ही मैदानावर गेलो. बहीणही आली होती, बहुधा पैशांचे काय होते ते पाहायला. मस्टँग धावले, उठले, पाय आत गेले, पोरांनी टाळ्या वाजवल्या. भाचा मात्र टाळ्यांकडे पाहत नव्हता. त्याने एक फेरी घेतली, पाय खाली घेतले आणि डोक्यावरून एकदा नुसते जाऊ दिले. आम्ही दोघांनी खालून मोजले. एक, दोन, दोन्ही खाली. मग तो उतरवायला वळला.

पहिले टेकणे जरा जोरात झाले. विमान उडाले, पुन्हा टेकले, गवतात धावत जाऊन थांबले. डावा पाय किंचित मागे वाकला होता. भाच्याने तिथेच बसून तो मिटवून पाहिला. खाचेच्या कडेला घासला, पण गेला.

"आता घरी," तो स्वतःच म्हणाला. "सरळ केल्याशिवाय दुसरं उड्डाण नाही."

बहिणीने पिशवीतून पक्कड काढून दिली. सकाळी निघताना ती कुणालाही न सांगता तिनेच घेतली होती.